खटला राज्याचा, घर तिचं

अमेरिकेत घरातल्या मारहाणीचा फौजदारी खटला बायको विरुद्ध नवरा असा नसतो, राज्य विरुद्ध नवरा असा असतो. ‘जाऊ द्या, माझी तक्रार नाही’ असं ती म्हणाली, तरी सरकारी वकील तो पुढे चालवू शकतो. पन्नास वर्षांपूर्वी एवढं म्हणणं पुरायचं. खरं तर तिथवर वेळच यायची नाही.

बायकोला मारण्याचा हक्क नवऱ्याला नाही, हे अलाबामा आणि मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयांनी १८७१ मध्येच सांगितलं होतं. तरी पुढची शंभर वर्षं पोलीस यायचे, नवऱ्याला जरा बाहेर फिरवून शांत करायचे आणि निघून जायचे. साधी मारहाण हा किरकोळ गुन्हा. तो पोलिसाच्या डोळ्यांदेखत घडला नसेल तर वॉरंटशिवाय अटक नाही, असा बहुतेक ठिकाणी नियम. पोलीस दारात उभा असताना बायकोवर हात उचलणारे असे किती?

ओरेगॉनने १९७७ मध्ये हे उलटवलं : सबळ कारण दिसलं की अटक करायचीच. पण खरा धक्का बसला तो कनेक्टिकटमधल्या टॉरिंग्टनमुळे. ट्रेसी थर्मन पोलिसांकडे पुन्हा पुन्हा जात होती. जून १९८३ मध्ये नवऱ्याने तिला तेरा वेळा भोसकलं. पोलीस पोहोचल्यावर त्याच्यादेखत डोक्यात लाथही मारली. तिने शहरावरच दावा ठोकला आणि १९८५ मध्ये ज्यूरीने २३ लाख डॉलर भरपाई ठरवली. पुढच्याच वर्षी कनेक्टिकटने कायदा बदलला. नीतीपेक्षा तिजोरीला लवकर जाग येते, ती अशी.

मधल्या काळात मिनियापोलिसमध्ये ३१४ प्रकरणांवर प्रयोग झाला होता. समजूत घालण्यापेक्षा किंवा काही तास घराबाहेर काढण्यापेक्षा अटकेनंतर मारहाण कमी होते, असं त्यात दिसलं. राज्यांनी भराभर सक्तीच्या अटकेचे कायदे केले. घाईच झाली ती. मिलवॉकीत प्रयोग पुन्हा केला, तेव्हा नोकरीवाले वचकले, बेकार मात्र जास्त मारू लागले. शिवाय दोघांच्या अंगावर ओरखडे दिसले की पोलीस दोघांनाही बेड्या घालू लागले. मग ‘मुख्य हल्लेखोर कोण’ हे आधी ठरवा, असं कलम अनेक राज्यांना जोडावं लागलं.

आजही एकाच कृत्याची किंमत राज्याच्या सीमेवर बदलते. कॅलिफोर्नियात जोडीदाराला इजा केली तर सरकारी वकील तोच गुन्हा किरकोळ म्हणूनही लावू शकतो, गंभीर म्हणूनही. टेक्सासमध्ये पहिल्या खेपेला कमाल एक वर्ष. आधी अशीच शिक्षा झालेली असेल किंवा गळा दाबला असेल, तर दोन ते दहा वर्षं. मराठी घरं भरपूर असलेल्या न्यू जर्सीत घरगुती मारहाण असा वेगळा गुन्हाच नाही. सहसा साध्या मारहाणीचं कलम लागतं, कमाल सहा महिने. मात्र इजेच्या खुणा दिसल्या की अटक सक्तीची.

याच राज्यात १९८५ मध्ये दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी ‘मानवी’ ही संस्था उभी राहिली. तिची गरज का पडली, हे एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाच्या आधाराने राहणाऱ्या बाईला विचारावं. १९९६ पासून घरगुती हिंसेत दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला, ग्रीनकार्ड असलं तरी, देशाबाहेर काढता येतं. नवऱ्याचा व्हिसा गेला की त्यावर टेकलेला तिचाही जातो. खटला चालवायचा की नाही हे राज्य ठरवणार, बॅगा तिने भरायच्या. अशा पीडितांनी तपासात साथ दिली तर राहता यावं, म्हणून २००० मध्ये यू-व्हिसा आला. कायद्याच्या यादीतल्या सगळ्या गुन्ह्यांच्या, सगळ्या देशांच्या पीडितांना मिळून ते वर्षाला जास्तीत जास्त १०,००० मिळतात.