वाटी भरलेली होती, पण मिरची उपाशी होती

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" जमतील तेवढे काढलेत. मागे चिवचिव ऐकू येते, ती मात्र लिहिता येत नाही.)

मागच्या काही एपिसोडमध्ये मधेच कोण ओरडतं, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं. आज तिचीच ओळख. हिचं नाव मिरची. हिरवं अंग, लालसर तोंड, म्हणून मिरची. पीच-फेस्ड लव्हबर्ड, वय साधारण नऊ महिने, आजचं वजन ५२ ग्रॅम.

वजन का सांगतेय, ते कळेलच. आजचा अख्खा एपिसोड त्या ५२ आकड्यावरच आहे.

त्या रविवारी काय झालं

मिरची घरी आली तेव्हा दोन-अडीच महिन्यांची होती. चोचीच्या मुळाशी अजून काळसर डाग होते आणि तोंडाचा रंगही फिकट होता. ही दोन्ही पिल्लाची लक्षणं. काही महिन्यांत काळा डाग जातो आणि तोंडाचा रंग गडद होतो. पहिल्याच आठवड्यात तिला पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे दाखवून आणलं. त्यांनी कार्डावर लिहिलं : ४८ ग्रॅम, तब्येत उत्तम. मी कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं आणि विसरून गेले.

पुढे तीन आठवड्यांनी मला दोन दिवस साताऱ्याला घरी जायचं होतं. शुक्रवारी संध्याकाळी वाटी दाण्यांनी भरली, पाणी बदललं, रूममेटला सांगितलं, "दाणे संपले तर टाक गं." तिने दोन्ही दिवस न चुकता बघितलं. शनिवारी मला फोटोसुद्धा पाठवला. वाटी काठोकाठ.

रविवारी रात्री मी परत आले. एरवी मी दाराला चावी लावली की ही बाई आरडाओरडा सुरू करते. त्या दिवशी काहीच आवाज नाही. बघते तर पिंजऱ्याच्या तळाशी, पिसं फुगवून, डोळे अर्धवट मिटून बसलेली. वाटी भरलेलीच होती. मी वाकून वाटीवर हलकीशी फुंकर मारली आणि सगळी वाटी उडाली.

ती फोलपटं होती.

लव्हबर्ड दाणा अख्खा गिळत नाही. चोचीत फिरवून सोलतो, आतला गर खातो आणि फोलपट तिथेच वाटीत टाकतो. त्यामुळे खाऊन संपलेली वाटीसुद्धा वरून भरलेलीच दिसते. मिरचीने शनिवारपर्यंत होतं ते खाल्लं आणि पुढे दीड दिवस फोलपटं उपसत बसली. यात रूममेटचा काडीचा दोष नाही. सांगायला मी हवं होतं, आणि मलाच ते माहीत नव्हतं.

रात्री तिच्यासमोर राळ्याचं कणीस धरलं, पिंजऱ्याची एक बाजू टेबल लॅम्पने ऊबदार ठेवली, पिंजऱ्यावर अर्धी चादर टाकली. थोडं खाल्लं तिने. सकाळी ऑफिसला "उशिरा येते" असा मेसेज टाकून डॉक्टरांकडे. काट्यावर आकडा आला ४१.

सात ग्रॅम म्हणजे आपल्याला काहीच वाटत नाही. पण ४८ मधले सात म्हणजे जवळजवळ पंधरा टक्के. साठ किलोच्या माणसाचे एका वीकेंडमध्ये नऊ किलो जावेत, तसं. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्ही वाटी बघत होता. वाटी नका बघू, वजन बघा."

पक्षी आजार का लपवतो

मी बॅकएंडवर काम करते. आमच्याकडे कधी कधी असं होतं की डॅशबोर्डवर सगळे दिवे हिरवे असतात आणि आत डेटाबेस बसलेला असतो. चुकीची गोष्ट मोजली की असं होतं. मिरचीची वाटी हा माझा हिरवा दिवा होता.

पक्ष्याच्या बाबतीत तर हे जास्तच घडतं, कारण तो स्वतःच हिरवा दिवा दाखवत असतो. पीच-फेस्ड लव्हबर्ड मूळचा नैर्ऋत्य आफ्रिकेतला, नामिबिया-अंगोलाच्या कोरड्या भागातला. थव्याने राहणारा छोटा पक्षी. तिथे जो अशक्त दिसतो, तो शिकारी पक्ष्याच्या आधी नजरेत भरतो. म्हणून बरं नसलं तरी ठणठणीत असल्याचं नाटक करायची त्याची सवय. पिंजऱ्यातली पिल्लंही तेच करतात. त्यामुळे आपल्याला आजार "दिसतो", तोवर बहुतेक वेळा बराच उशीर झालेला असतो.

आणि पिसांमुळे बारीक झालेलंही कळत नाही. वरून गुबगुबीत, आत छातीचं हाड टोकदार झालेलं.

रोजची दोन मिनिटं

त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घेतला. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा पुरतो. त्यावर एक छोटी दांडी ठेवायची, काटा शून्यावर आणायचा, राळ्याचे दोन दाणे दाखवायचे. तीन-चार दिवसांत मिरची स्वतःच उडी मारून चढायला लागली.

वेळ एकच ठेवायची : सकाळी उठल्यावर, पहिली मोठी शी झाल्यावर, खाण्याच्या आधी. आकडा फोनमध्ये लिहायचा. एक-दोन ग्रॅम वर-खाली होणारच. पण सलग तीन-चार दिवस उतरता आकडा दिसला तर डॉक्टरांना फोन. नेहमीच्या वजनाच्या दहा टक्के उतरलं तर फोन नाही, थेट रिक्षा.

आईला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, आम्ही गच्चीत चिमण्यांना तांदूळ टाकायचो, कुणी वजन केलं होतं का त्यांचं?" खरंय. पण त्या चिमण्यांना शेजारची गच्ची होती. मिरचीला फक्त मी भरलेली वाटी आहे.

वजनाबरोबर पिंजऱ्याखालचा कागदही बघायचा. शीचे तीन भाग असतात : हिरवट किंवा तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग आणि थोडं पाणी. यातलं काही दिवसभर वेगळं दिसलं, किंवा शी एकदमच कमी झाली, तर त्याला अर्थ असतो. त्या रविवारी मिरचीच्या कागदावर जेमतेम चार ठिपके होते. रूममेटने वाटीऐवजी कागद बघितला असता तरी कळलं असतं.

खाणं : दाणे म्हणजे जेवण नाही

दुकानात आपल्याला एक पिशवी देतात. बाजरी, राळा आणि सूर्यफुलाच्या बिया. "हेच खातात ताई, बाकी काही लागत नाही." चूक. नुसत्या दाण्यांत अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम फार कमी, आणि सूर्यफुलात चरबी भरपूर. पक्ष्याला मात्र सूर्यफूल आपल्याला फरसाण आवडतं तसं आवडतं. निवडून तेच खातो.

आमचं सध्याचं ताट असं : साधारण अर्धं पेलेट, म्हणजे पक्ष्यांसाठी बनवलेलं संतुलित गोळीखाद्य. पाव भाग भाज्या. उरलेले दाणे. सूर्यफुलाच्या बिया फक्त बक्षीस म्हणून, दिवसाला दोन-तीन.

भाज्यांसाठी वेगळं काही आणावं लागत नाही. किसलेलं गाजर, लाल भोपळा, ढोबळी मिरची, मक्याचे दाणे, कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, मोड आलेले मूग. सगळं स्वच्छ धुवून, मीठ-तेल न लावता. दोन-तीन तासांनी उरलेलं काढून टाकायचं, उन्हाळ्यात तर त्याही आधी. कॅल्शियमसाठी समुद्रफेस पिंजऱ्याला अडकवून ठेवायचा.

अजिबात न देण्याच्या गोष्टी : ॲव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण, खारट काहीही आणि सफरचंदाच्या बिया. सफरचंद चालतं, बिया काढून.

आता महत्त्वाचं. दाण्यावरून पेलेटवर एका दिवसात जाऊ नका! दाणे खात वाढलेल्या पिल्लाला पेलेट हे खाणं आहे हेच कळत नाही. ते भरलेल्या वाटीसमोर उपाशी बसतं. म्हणजे माझ्याच चुकीची दुसरी आवृत्ती. मी दाण्यांत थोडे पेलेट मिसळत, दर आठवड्याला प्रमाण बदलत सहा आठवडे लावले. रोज काटा होता, म्हणून धीर होता.

पिसं गळायला लागली की

पाचव्या महिन्यात एक दिवस पिंजऱ्याखाली हिरव्या पिसांचा सडा. मी घाबरले. पण वजन जागेवर होतं आणि अंगावर कुठेही उघडी कातडी नव्हती. ही पहिली पीसगळ. जुनी पिसं जातात, नवी येतात. नवं पीस आधी बारीक काट्यासारखं दिसतं, पातळ आवरणात गुंडाळलेलं. मिरचीच्या डोक्यावर तर साळिंदर बसल्यासारखं झालं होतं.

हे काटे उपटायचे नाहीत. वाढत्या पिसात रक्त असतं, तुटलं तर वाहतं. तसं झालं तर स्वच्छ कापडाने दाबून धरायचं, आणि थांबलं नाही तर डॉक्टर. या काळात पक्षी थोडा चिडका होतो, झोप वाढते. प्रथिनं जास्त लागतात, कारण पीस मुख्यतः प्रथिनाचंच असतं. मी मोड आलेले मूग वाढवले आणि आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा दिला. आंघोळीसाठी पसरट ताटलीत बोटभर पाणी ठेवलं की काम होतं. साबण नको, आणि ओल्या अंगाला पंख्याचा वारा नको.

मग काळजी कधी करायची? पीसगळीत अंगावर टक्कल पडत नाही. छाती, पंखांखाली टक्कल दिसलं, किंवा पक्षी स्वतःच पिसं कुरतडून टाकत असला, तर ते आजाराचं, चुकीच्या खाण्याचं किंवा कंटाळ्याचं लक्षण असू शकतं. आधी डॉक्टर, मग नवी खेळणी.

आणि एक गंमत. माझ्या वहीची पानं मिरची चोचीने लांब, सरळ पट्ट्यांत कापते आणि त्या पट्ट्या पाठीमागे कमरेच्या पिसांत खोचून फिरते. या जातीच्या माद्या घरट्याचं सामान असंच वाहून नेतात. गोड दिसतं, पण तिला घरट्याची पेटी किंवा अंधारा कोपरा द्यायचा नाही. कोवळ्या वयात अंडी घालायला लागली तर शरीरातलं कॅल्शियम संपतं.

जोडी, झोप आणि घरातला धूर

"एकटा लव्हबर्ड मरतो" हे खरं नाही. पण एकटं सोडलेला लव्हबर्ड सुखी नसतो, हे खरं. मिरचीबरोबर मी रोज दोन तास तरी असते, खिडक्या आणि सीलिंग फॅन बंद करून तिला बाहेर सोडते. तुमची नोकरी बारा तासांची असेल तर आधीपासून जोडीचा विचार करा, किंवा पक्षी आणूच नका. हा पक्षी दहा-पंधरा वर्षं जगतो. तेवढ्यात तुमचं शहर बदलेल, नोकरी तर चार वेळा बदलेल.

झोप दहा ते बारा तास, अंधारात. माझे रात्रीचे कॉल आता दुसऱ्या खोलीत होतात.

आणि धूर. पक्ष्याची श्वसनसंस्था आपल्यापेक्षा खूप जास्त कार्यक्षम असते, त्यामुळे हवेतलं विषही तितक्याच वेगाने आत जातं. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर निघणारी वाफ पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकते. आमच्या घरात आता फक्त बिडाचा तवा आहे. उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल, रूम फ्रेशनर पिंजऱ्याच्या खोलीत नाही. दिवाळीत तिला सगळ्यात आतल्या खोलीत ठेवलं होतं.

शेवटचं

दोन महिन्यांपूर्वी वजन ५२ वरून ५१, ५०, ४९ असं उतरत गेलं. मिरची ओरडत होती, खेळत होती, खात होती. बघून कुणीही म्हणालं असतं, एकदम मस्त आहे. मी पाचव्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. शीच्या तपासणीत यीस्टचा संसर्ग निघाला. औषध झालं, बरी झाली. डॉक्टर म्हणाले, "लवकर आणलंत." पहिल्या वेळी ते असं म्हणाले नव्हते.

तेव्हा घरी छोटा पक्षी असेल तर आज दोन कामं करा. वाटीवर फुंकर मारून बघा. आणि स्वयंपाकघरातला काटा पिंजऱ्याजवळ आणून ठेवा. बाहेरगावी जाताना मी आता रूममेटला "दाणे संपले तर टाक" असं सांगत नाही. सांगते, "रोज सकाळी जुनं फेक, नवं भर, आणि मला काट्याचा फोटो पाठव."

चला, कुणीतरी माइकची वायर कुरतडायला लागलंय. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.