६५ वॉटचा चार्जर, तरी डिस्क उपाशी

रास्पबेरी पायला पोर्टेबल हार्डडिस्क जोडली की कधी ती नुसती टकटक करते, क्षणभर दिसते आणि गायब होते. डिस्क गेली, असं लोक लगेच ठरवून टाकतात. तीच डिस्क लॅपटॉपला लावली तर बहुधा निमूट चालते. अडीच इंची डिस्कची मोटर फिरायला लागताना साधारण १ अँपिअरपर्यंत करंट ओढते. तेवढा मिळाला नाही की ती अर्ध्यावर थांबते, पुन्हा जोर लावते, पुन्हा थांबते. (लॅपटॉपवरही टकटक ऐकू आली, तर मात्र बाकी सगळं सोडून आधी डेटा वाचवा.)

सगळ्यांत चिवट गैरसमज वॉटचा. ‘माझा चार्जर ६५ वॉटचा आहे, कमी कसा पडेल?’ पडतो. ते ६५ वॉट २० व्होल्टला मिळतात. पायला हवेत ५ व्होल्ट, आणि ५ व्होल्टला असे बहुतेक चार्जर ३ अँपिअरच देतात, म्हणजे जेमतेम १५ वॉट. पाय ५ चा अधिकृत अडॅप्टर २७ वॉटचाच, पण तो ५.१ व्होल्टला ५ अँपिअर देतो. अडॅप्टर ५ अँपिअर देणारा आहे अशी खात्री पटली, तरच पाय ५ यूएसबी पोर्टांना मिळून १.६ अँपिअर सोडतो. नाहीतर ६०० मिलिअँपिअरवर हात आखडतो. सेटिंग बदलून ही मर्यादा उठवता येते, पण त्याने अडॅप्टरची ताकद वाढत नाही. तो मुळात कमी पडत असेल, तर आधी फक्त डिस्क बंद पडायची, आता अख्खा बोर्ड बसतो.

पाय ४ वर चारही पोर्टांत मिळून १.२ अँपिअर. त्यामुळे दोन पोर्टांत घालायची दुतोंडी केबल तिथे फुकट. दोन्ही तोंडं एकाच वाट्यातून पितात.

केबलकडे कोणी बघतच नाही. बारीक तारेच्या केबलचा जाण्यायेण्याचा रोध ०.१५ ओहम धरा. ३ अँपिअरला ०.४५ व्होल्ट वाटेतच गळतात. ५ चे उरले ४.५५, आणि ४.६३ च्या खाली गेलं की पाय कमी व्होल्टेजचा इशारा देतो. अडॅप्टर ५.१ व्होल्टचा ठेवण्यामागे हाच हिशेब.

विजेचा पिवळा इशारा दिसला नाही म्हणजे सगळं ठीक, हेही खरं नाही. बोर्ड पोटभर आणि पोर्ट उपाशी असं होऊ शकतं. कर्नलचा लॉग पाहा: ‘अंडर-व्होल्टेज’ असेल तर अडॅप्टर किंवा केबल, ‘ओव्हर-करंट’ असेल तर पोर्टावरचा भार. आणि एसएसडीला मोटर नसली तरी भूक असते. यूएसबी डबीतल्या काही एनव्हीएमई लिहिताना ६०० मिलिअँपिअरच्या सहज पुढे जातात.

सरळ उपाय म्हणजे स्वतःचा अडॅप्टर असलेला हब. साडेतीन इंची डिस्कला तर १२ व्होल्ट लागतात, तिचा अडॅप्टर वेगळाच. पायचा प्लग काढल्यावरही त्याचा लाल दिवा मिणमिणत राहिला, तर हब उलटा करंट ढकलतोय, तो बदला.

एवढं करूनही, लॉगमध्ये वीजटंचाईची एक ओळ नसताना डिस्क अडखळत असेल, तर संशय डबीतल्या सॅटा-यूएसबी चिपवर घ्या. काही चिपांचं यूएएस पद्धतीशी जमत नाही. त्या डिस्कपुरतं यूएएस बंद केलं की वेग थोडा घटतो, पण डिस्क टिकून राहते.