यंत्र जागं होताना (६) : प्रोसेसर घरचा, रीत परकी

संगणक चालू होताच फर्मवेअर कुठली फाइल शोधतं, ते मागच्या भागात पाहिलं. आता ती फाइल आपणच घडवायची. आदिलाबादच्या जैनथ-बेला पट्ट्यातल्या, किंवा बासरच्या ट्रिपल आयटीत शिकणाऱ्या वाचकांच्या लॅपटॉपवर उबुंटू असेल, तर जीसीसी कंपायलर बहुधा असतोच. मग तोच का नको?

कारण लिनक्सवरचा जीसीसी ईएलएफ साच्याची फाइल देतो आणि यूईएफआय फर्मवेअरला पीई साचा लागतो, विंडोजच्या ईएक्सईचा असतो तोच. खरी मेख पुढे आहे. फंक्शनला द्यायची पहिली किंमत लिनक्सचा कोड आरडीआय रजिस्टरमध्ये ठेवतो; फर्मवेअर ती आरसीएक्समध्ये शोधतं. गफलत झाली तर कंपायलर अवाक्षर काढत नाही, यंत्र मात्र गोठतं. म्हणून फाइल त्याच लॅपटॉपवर चालणार असली, तरी हे क्रॉस-कंपायलिंगच, म्हणजे एका व्यवस्थेवर बसून दुसरीसाठी फाइल बनवणं. आयआयटी मुंबईत उदय खेडकरांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरच्या कार्यशाळांत बिल्ड (कंपायलर जिथे बांधला), होस्ट (तो जिथे चालतो) आणि टार्गेट (त्याने बनवलेली फाइल जिथे चालेल) हे तिघे वेगळे ओळखायला शिकवत. आपल्याकडे पहिले दोन एकच आहेत, तिसरा निराळा.

यूईएफआय प्रोग्रॅमसाठी ईडीके-२ हा अधिकृत राजमार्ग, पण तो पसारा मोबाइलच्या डेटावर उतरवणं पहिल्या प्रोग्रॅमसाठी नकोच. जीएनयू-ईएफआय आटोपशीर आहे. त्यात मात्र ईएलएफ बनवून ऑब्जकॉपीने त्याचं पीई करावं लागतं, आणि तेव्हा रीलोक विभाग सोबत घ्यायचा राहिला की सगळं फसतं.

माझी पसंती मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४ ला. तो मुळातच पीई बनवतो आणि किमतीही आरसीएक्सपासून भरतो. हेडर फाइली तेवढ्या जीएनयू-ईएफआयच्या उसन्या घ्यायच्या. कंपायलरला सांगायचं: फ्रीस्टँडिंग, प्रमाण लायब्ररी नको, सुरुवात ईएफआय-मेनपासून. लिंकरला सांगायचं: सबसिस्टिम १०. हा आकडा म्हणजे ‘यूईएफआय अॅप्लिकेशन’. ११ आणि १२ ड्रायव्हरांचे.

आपला प्रोग्रॅम पडद्यावर एक संदेश छापेल; त्यातलं प्रत्येक अक्षर १६ बिटांचं. देवनागरी त्यात मजेत बसते, पण फर्मवेअरच्या फाँटमध्ये ती सहसा नसते, तेव्हा ‘नमस्कार’ रोमन लिपीतच लिहा.

चाचणी थेट लॅपटॉपवर नको. क्यूईएमयू या आभासी यंत्राला ओव्हीएमएफ फर्मवेअर जोडा. क्यूईएमयू साध्या फोल्डरलाच फॅट डिस्क म्हणून दाखवू शकतो. (ओव्हीएमएफ ईडीके-२ मधूनच तयार होतं, म्हणजे टाळलेला पाहुणा मागच्या दाराने आलाच!) तिथे अक्षरं उमटली की मगच फॅट३२ पेनड्राइव्ह घ्या. त्यावर ईएफआय फोल्डर, त्यात बूट फोल्डर, आणि त्यात बूटएक्स६४.ईएफआय नावाने आपली फाइल. डिजिटल सही नसलेली ही फाइल सिक्युअर बूट नाकारेल. ते तात्पुरतं बंद करावं लागेल. लॅपटॉपवर विंडोजही असेल आणि बिटलॉकर चालू असेल, तर त्याआधी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. पुढच्या वेळी विंडोज ती मागू शकतं.