निळीचा दुष्काळ आणि पांढरा कोट



मागच्या पावसाळ्यात वडसा भागात ऊस पाहायला गेलो होतो. अंगात पांढरा शर्ट होता. बांधावरून पाय घसरला आणि सरळ चिखलात बसलो. शेजारचे एक शेतकरी हसून म्हणाले, "साहेब, उसात येताना पांढरा काहून घालता जी? फारेस्टवाल्यांसारखा खाकी घाला ना!"

बोलणे खरे होते. अशीच चूक फ्रान्सचा बादशहा नेपोलियन यानेही केली होती. त्या गोष्टीचा धागा आपल्या साखरेच्या पोत्यापर्यंत येतो, म्हणून ती येथे सांगतो.

नेपोलियन आपल्याला अगदीच परका नाही. १८०३ साली वऱ्हाडात अडगावच्या लढाईत नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा ज्याने पराभव केला, तोच इंग्रज सेनापती वेलस्ली १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत प्रशियाच्या सैन्याच्या साथीने नेपोलियनला भारी पडला. आपला चांदा मुलूखही त्या काळी भोसल्यांच्याच अमलाखाली होता.

फ्रान्सच्या राजाच्या पायदळाचा कोट पूर्वी पांढराच असे. क्रांती झाली आणि १७९३ पासून सर्व पलटणींना निळा कोट आला. निळा रंग काढायचा नीळ या झाडाच्या पाल्यातून. पाला हौदात कुजवायचा, पाणी घुसळायचे, खाली बसलेल्या गाळाच्या वड्या वाळवायच्या. हे पीक उष्ण मुलखाचे. फ्रान्सला ती नीळ समुद्रापलीकडून, मुख्यतः सेंट डोमिंग वसाहतीतून मिळे. उसाची साखरही तेथूनच येई. तेथल्या गुलामांनी बंड केले आणि १८०४ साली ती वसाहत हैती नावाने स्वतंत्र झाली. बंगालची नीळ इंग्रजांच्या हाती होती, आणि १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईनंतर समुद्रही त्यांचाच झाला. लाखो शिपायांचे कोट रंगवायचे कशाने?

नेपोलियनने सोपा उपाय काढला. लोकर न रंगवताच वापरायची. १८०६ साली काही पलटणींना पांढरे कोट देण्याचा हुकूम निघाला. पलटण ओळखू यावी म्हणून गळपट्टी आणि बाह्यांची टोके तेवढी निरनिराळ्या रंगांची ठेवली. कागदावर खर्च वाचला. पण शिपाई त्याच कोटात चालणार, त्याच कोटात चिखलात झोपणार. पांढऱ्याची काय दशा झाली असेल, ते आमच्या शर्टाला विचारा! फेब्रुवारी १८०७ मध्ये आयलाऊ येथे बर्फात भयंकर लढाई झाली. पांढऱ्या कोटांवरचे रक्त पाहून बादशहाने हा रंग बंद करायला सांगितले, असे म्हणतात. ते कसेही असो, त्याच वर्षी हुकूम फिरला आणि निळा कोट परत आला. नीळ मात्र महागच राहिली.

साखरेचीही हीच गत झाली. नोव्हेंबर १८०६ मध्ये नेपोलियनने इंग्रजी मालाला युरोपची दारे बंद केली, त्यामुळे उसाची साखर आणखीच दुर्मिळ झाली. पण साखरेच्या बाबतीत फ्रान्सने नुसती वेळ मारून नेली नाही. बीटमध्ये साखर आहे, हे जर्मन शास्त्रज्ञ मार्ग्राफ यांनी १७४७ सालीच दाखवले होते. मार्च १८११ मध्ये ३२,००० हेक्टरवर बीट लावण्याचा हुकूम निघाला. १८१२ च्या जानेवारीत देलेसेर नावाच्या कारखानदाराने बीटची चांगली साखर करून दाखवली, तेव्हा बादशहाने त्याचा मोठा सन्मान केला. लढाया संपल्यावर उसाची स्वस्त साखर पुन्हा आली आणि बीटचे बरेच कारखाने बंद पडले. पण बेणे आणि विद्या हातात राहिली होती. त्यावरच तो धंदा पुन्हा उभा राहिला, आणि आज जगातली सुमारे एक पंचमांश साखर बीटची असते.

निळीचे मात्र उलटे झाले. १८९७ पासून जर्मनीतली कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आली आणि आपल्याकडचे निळीचे पीक जवळजवळ बसलेच.

यातून आपण काय घ्यायचे? जी वस्तू रोज लागते, ती दुसऱ्याच्या हाती ठेवली, तर अडचणीच्या दिवशी पांढरा कोट घालावा लागतो. आपल्या चांदा-गडचिरोली भागात धान मुख्य, ऊस थोडा, त्यामुळे बेणे दुरून आणावे लागते. एका वर्षी बाहेरून आणलेले बेणे रस्त्यातच सुकले. निम्मे उगवलेच नाही, आणि नांग्या भरण्यात महिना गेला. नुकसान शेतकऱ्याचेच झाले.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच, की प्रत्येक गटाने आपला बेणेमळा करावा. दहा गुंठ्यांच्या चांगल्या मळ्यातून साधारण अडीच एकरांचे बेणे निघते. बेणे नऊ ते अकरा महिन्यांचे, निरोगी आणि रसरशीत असावे. खोडव्याचे बेणे घेऊ नये. मळ्यासाठी जागा आजच ठरवा आणि गट कार्यालयात नाव नोंदवा. आम्ही मळ्यावर जातीने येऊ.

या खेपेस शर्ट मात्र खाकी असेल!

— ऊस विकास अधिकारी