सूज उतरली, तरी ठोका चुकलाच (लेखांक 9)

मागच्या लेखांकात बायपासमध्ये पायातली शीर काढून हृदयावर कशी जोडतात ते पाहिले. शस्त्रक्रिया नीट पार पडते, पेशंट खुर्चीत बसून चहा घेतो, नातेवाईक गावाकडे ‘सगळं व्यवस्थित’ म्हणून फोन करतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मॉनिटरवरचा आकडा 110, 140, 125 असा कसाही पळू लागतो. ईसीजीच्या पट्टीवर दोन ठोक्यांमधले अंतर कुठेच सारखे नसते. प्रत्येक उंच टोकाआधी दिसायला हवा तो छोटा उंचवटाही गायब झालेला असतो. हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे कर्णिका, आकुंचन न पावता नुसत्या थरथरत असतात. हेच एट्रियल फिब्रिलेशन, वॉर्डातल्या भाषेत ‘एएफ’. बायपासनंतर साधारण तीन-चार पेशंटांमागे एकाला ते होते, झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर त्याहूनही जास्त जणांना.

पहिला संशय दाहावर, म्हणजे आतल्या सुजेवर जातो आणि त्यात गैर काही नाही. छातीचे हाड कापलेले असते, रक्त हार्ट-लंग मशीनच्या नळ्यांतून फिरून आलेले असते, कर्णिकेच्या भिंतीलाही हत्यारे लागलेली असतात. शरीराची संरक्षणयंत्रणा खवळणारच. कोविडमुळे घराघरांत माहीत झालेला सीआरपी, म्हणजे रक्तातला सुजेचा आकडा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वर जातो आणि एएफही नेमके त्याच सुमारास येते. पण दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असे होत नाही. शिवाय सीआरपी जवळपास सगळ्यांचाच चढतो, ठोका मात्र काहींचाच बिघडतो. तेव्हा खरी परीक्षा एकच: सूज उतरवून पाहायची आणि ठोका सुधारतो का ते मोजायचे.

तशा परीक्षा झाल्या. 2007 साली फिनलंडमधल्या 241 पेशंटांच्या चाचणीत हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडने एएफचे प्रमाण 48 टक्क्यांवरून 30 वर आले. प्रश्न मिटला असेच तेव्हा अनेकांना वाटले. मग 2015 मध्ये 18 देशांतल्या सुमारे साडेसात हजार पेशंटांवरच्या चाचणीचा निकाल आला. त्यात दुसऱ्या एका स्टेरॉइडने ना मृत्यू कमी झाले ना एएफ. स्टेरॉइडचे समर्थक म्हणतील की फिनलंडमध्ये औषध शस्त्रक्रियेनंतरही तीन दिवस चालू होते, मोठ्या चाचणीत ते ऑपरेशन थिएटरातच देऊन संपले, मग दुसऱ्या दिवशीच्या सुजेला आवर कोण घालणार? आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर 2016 च्या बीजिंगच्या चाचणीत सापडते. तिथे 1,922 पेशंटांना रोसुव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलवरचे, सूजही उतरवणारे औषध) किंवा नुसती दिखाऊ गोळी शस्त्रक्रियेच्या आधीपासून नंतरच्या पाच दिवसांपर्यंत दिली. औषध घेणाऱ्यांचा सीआरपी खरोखर कमी राहिला. एएफ मात्र दोन्ही गटांत 21 टक्क्यांच्या आसपासच, वर औषधाच्या गटात मूत्रपिंडाच्या तक्रारी जास्त. रिपोर्टवरचा आकडा उतरला, आजार होता तिथेच राहिला.

म्हणजे दाहाचा काही संबंधच नाही? मला तसे वाटत नाही. आपण सूज चुकीच्या जागी मोजत होतो, इतकेच. हाताच्या शिरेतून काढलेले रक्त सबंध शरीराचा हिशेब सांगते, कर्णिकेच्या पाठीमागे काय साचले आहे ते सांगत नाही. शस्त्रक्रियेनंतर हृदयाभोवतीच्या आवरणात थोडे रक्त झिरपते, मागच्या बाजूला तुंबते आणि तिथेच साचून राहून कर्णिकेला चिडवते. न्यूयॉर्कच्या सर्जनांनी 420 पेशंटांपैकी निम्म्यांच्या आवरणाला मागून एक चीर दिली, म्हणजे रक्त डाव्या फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत उतरावे. तुंबलेल्या वाफ्याचा बांध फोडावा तसे. 2021 मध्ये निकाल आला: चीर दिलेल्यांत एएफ 17 टक्के, बाकीच्यांत 32. यावर कोणी म्हणेल की साचलेले रक्त निघून गेल्याने हृदयावरचा दाबही कमी झाला, श्रेय सुजेला कशाला? दोन्ही परिणाम या चाचणीतून वेगळे काढता येत नाहीत, हे कबूल. तरीही मोठ्या चाचण्यांत औषधांनी जे साधले नाही ते एका चिरेने साधले, यावरून रोख स्थानिक कारणाकडेच वळतो.

लोणी देवकरसारख्या गावातल्या वाचकाला या वादाशी काय घेणे? पुष्कळ. पुण्यात बायपास होऊन सोलापूर रस्त्याने शंभरावर किलोमीटर घरी आलेल्या माणसाला ‘आत सूज आहे’ एवढे कळले की मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची पट्टी येते. बायपासनंतर या जातीच्या वेदनाशामक गोळ्या वर्ज्य आहेत. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि मूत्रपिंडाचा त्रास यांचा धोका त्या वाढवतात. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलही रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. भाजीतल्या हळदीला अर्थात कोणाची हरकत नाही.

‘ते आपोआप जातं’ असेही सांगितले जाते, आणि बहुतेकांचा ठोका महिना-दीड महिन्यात ताळ्यावर येतो हे खरे आहे. पण थरथरणाऱ्या कर्णिकेत रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते, आणि थांबलेले एएफ घरी गेल्यावर पुन्हा उद्भवू शकते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डिस्चार्जनंतरची तपासणी आणि औषधे 10 दिवसांपर्यंत मिळतात. धोक्याचा काळ त्याहून लांब आहे. त्या पुढच्या आठवड्यांत रोज मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण ठोके अनियमित असतील तर तो गुणाकार फसवतो. नाडी विस्कळीत लागली तर त्याच दिवशी इंदापूर किंवा बारामतीला ईसीजी काढावा आणि पट्टीचा फोटो ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना पाठवावा. छातीत दुखले, घेरी आली, तोंड वाकडे झाले किंवा एक हात लुळा पडला, तर नाडी मोजत न बसता 108 ला फोन करावा.