दुहेरी जोडणीची तजवीज

सिडकोने वसविलेल्या नवीन पनवेलच्या पश्चिम भागातील खांदा कॉलनीत, दिव्याच्या खांबावरून इमारतीच्या गच्चीवर आणि एका गच्चीवरून दुसरीवर गेलेल्या काळ्या तारा ज्याने कधी लक्षपूर्वक न्याहाळल्या असतील, त्याला इंटरनेट घरापर्यंत किती नाजूक मार्गाने येते हे निराळे सांगावयास नको. त्या तारेच्या पोटात अवघ्या १२५ मायक्रॉन जाडीचा काचेचा तंतू असतो. पावसाळी वाऱ्यात फांदी कोसळली, रंगाऱ्यांनी परांची बांधताना तार बाजूला ओढली, अथवा गटाराच्या कामासाठी रस्ता खणला गेला, की तो तुटतो आणि घरातील डबीवर ‘एलओएस’ या अक्षरांजवळचा तांबडा दिवा लुकलुकू लागतो. ज्या कुटुंबात कर्त्या माणसाची कचेरीच घरात भरते आणि मुलांची शिकवणी पडद्यावर चालते, तेथे हा दिवा लागणे म्हणजे दिवसभराचा व्यवहार तहकूब होणे होय. अशा घराने दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या जोडण्या घेऊन त्या एकाच जाळ्यावर नांदवाव्यात, हे मला सर्वथा उचित वाटते. मात्र दुप्पट वेगाच्या आशेने जो हा खर्च करील, त्याच्या पदरी निराशाच येईल.

दोन्ही डब्यांच्या तारा एकाच स्विचमध्ये खोचल्या की काम झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः अनेक राउटर कारखान्यातूनच १९२.१६८.१.१ हा एकच पत्ता घेऊन बाहेर पडतात, आणि घरातील प्रत्येक फोनला व लॅपटॉपला पत्ता नेमून देण्याचा अखत्यारही दोघे आपापल्याकडेच ठेवतात. अशा दोन मुखत्यारांच्या अमलाखाली, ज्याचे उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता यंत्र स्वीकारते. पुढे त्या बाजूची तार तुटली, तरी शेजारी दुसरी जोडणी धडधाकट असूनही ते यंत्र बंद दाराशीच तिष्ठत राहते. यावरचा खरा बंदोबस्त म्हणजे दोन्ही डब्यांच्या पुढे, बाजारात ‘ड्युअल वॅन’ या नावाने मिळणारा, दोन जोडण्या घेऊ शकणारा एकच राउटर बसवणे, घरातील पत्तेवाटप सर्वस्वी त्याच्याकडे सोपवणे, आणि कंपन्यांच्या दोन डब्यांपैकी एकीची पत्तामालिका बदलून, उदाहरणार्थ १९२.१६८.२.१ अशी करून, दोहोंतील घोटाळा मुळातच टाळणे.

जुन्या सरकारी कचेरीत आवक-जावक पत्रांची नोंद ठेवणारी बारनिशी असे, तिचेच काम हा राउटर दर सेकंदास असंख्य वेळा करीत असतो. घरातील कोणत्या यंत्राने, कोणत्या दूरस्थ संगणकाकडे, कोणत्या जोडणीवरून मागणी रवाना केली, याची नोंद तो आपल्या स्मरणात करतो आणि उत्तर आले की ती नोंद पाहून ते ज्याचे त्यास पोचते करतो. एकदा एका जोडणीवरून आरंभलेला संवाद शेवटपर्यंत तिच्यावरूनच चालवावा लागतो, कारण पलीकडचा संगणक आपल्याला त्या कंपनीच्या पत्त्यानेच ओळखतो, आणि मध्येच निराळ्या पत्त्यावरून आलेले पाकीट तो अनोळखी म्हणून नाकारतो. याच कारणास्तव १०० व ५० एमबीपीएसच्या दोन जोडण्या असल्या, तरी एका संवादातून उतरवली जाणारी फाइल १५० च्या वेगाने येत नाही. मात्र घरातील चौघे चार कामांत गुंतले असता त्यांचे संवाद दोन जोडण्यांवर विभागले जातात, आणि तेव्हा दोहोंची एकत्रित क्षमता उपयोगी पडते. बँकेच्या संकेतस्थळावर मात्र हीच विभागणी अंगाशी येते: एका खातेदाराच्या मागण्या दोन पत्त्यांवरून येताना दिसल्या, की सावध बँक संशयाने त्याला बाहेर काढते. त्यासाठी एका यंत्राने एका स्थळाशी सुरू केलेला सारा व्यवहार एकाच जोडणीने व्हावा, असा नियम राउटरमध्ये आधीच घालून ठेवावा.

एकच संवाद दोन वाटांनी नेण्याची ‘मल्टिपाथ टीसीपी’ ही पद्धत २०१३ मध्ये प्रयोगावस्थेतील नियमावलीच्या रूपाने प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी अ‍ॅपलने ती आपल्या सिरीसाठी वापरली. पण तिला पलीकडच्या संगणकाचीही संमती लागते, म्हणून घरगुती वापरात तिचा भरवसा धरता येत नाही.

जोडणी बंद पडली हे राउटरला कळावे कसे, हा प्रश्न दिसतो त्याहून सूक्ष्म आहे. घरापर्यंतची तार शाबूत असते, डबीवर हिरवा दिवा तेवत असतो, आणि बिघाड कंपनीच्या केंद्रापलीकडे कोठे तरी झालेला असतो. तेव्हा केवळ दिव्यावर विसंबून न राहता ८.८.८.८ सारख्या दूरच्या पत्त्याला ठरावीक अंतराने साद घालून प्रतिसाद पाहावा, आणि लागोपाठ काही सादा फुकट गेल्यावरच जोडणी बदलावी, अशी आज्ञा राउटरला द्यावी लागते. बदलाच्या क्षणी चालू असलेला व्हिडिओ कॉल बहुधा तुटतो किंवा काही काळ गोठतो, कारण आपला बाहेरचा पत्ताच पालटलेला असतो.

परंतु सर्वांत महत्त्वाचा विचार राउटर विकत घेण्यापूर्वीच करावयाचा आहे. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियानजीकच्या समुद्रात ‘सी-मी-वी ४’ आणि ‘फ्लॅग युरोप-आशिया’ या दोन केबली निकामी झाल्या आणि भारताच्या पश्चिमेकडील दळणवळणाला जबर तडाखा बसला. दोहोंचे मालक भिन्न होते, दोन्ही मुंबईस येऊन मिळत होत्या. पण दोहोंचा मार्ग त्याच किनाऱ्याजवळून जात होता, आणि भिन्न मालकीचा तेथे काहीही उपयोग झाला नाही. खांदा कॉलनीतही दोन कंपन्यांच्या तारा एकाच खांबावरून लोंबत आल्या असतील, तर एक फांदी दोघींना पुरेशी आहे. म्हणून जोडणीसाठी आलेल्या माणसाला तार कोठून येणार हे स्पष्ट विचारून घ्यावे, आणि शक्य असल्यास एक जोडणी काचतंतूची व दुसरी मोबाइल मनोऱ्यावरून सिमकार्डाने येणारी घ्यावी, हे माझे निश्चित मत आहे.

आणि विजेचे काय? १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई, ठाणे व नवी मुंबईचा मोठा प्रदेश एकाएकी वीजहीन झाला, तेव्हा घरात दोन जोडण्या असूनही ज्यांच्या डब्या थेट भिंतीतील सॉकेटवर चालत होत्या, त्यांना त्यांचा काडीचाही लाभ झाला नाही. बहुतेक डब्या व राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी बॅटरीची लहान पेटी मिळते. काचतंतूच्या ‘जीपॉन’ रचनेत एका तंतूचे अनेक घरांसाठी फाटे फोडणाऱ्या विभाजकाला वीज मुळीच लागत नाही. त्यामुळे कंपनीचे केंद्र जागे असेल, तर घरातील ती पेटीच जोडणी चालू ठेवण्यास पुरते. गच्चीवर विजेवर चालणारा स्विच ठेवून तेथून घरोघर साधी तार नेणाऱ्या केबलवाल्याची जोडणी मात्र इमारतीची वीज जाताच बंद पडते, मग घरातील बॅटरी कितीही मोठी असो.