राखेच्या वाटेवरील बापलेक

प्रलयाची कल्पना मनुष्याला नवी नाहीं. आपल्या पुराणांत मनूची नौका आहे, तर बायबलांत नोहाचें तारूं आहे. परंतु या कथांतील प्रलयाला अंत असतो. पाणी ओसरतें, राखून ठेवलेलें बीज रुजतें आणि सृष्टि पुन्हा अंकुरते. बीजच उरलें नाहीं तर काय, हा प्रश्न अमेरिकन कादंबरीकार कॉर्मॅक मॅकार्थी यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘द रोड’ या कादंबरींत विचारला. पुढच्याच वर्षीं तिला पुलित्झर पारितोषिक मिळालें, आणि २००९ मध्यें जॉन हिलकोट यांनीं दिग्दर्शित केलेला त्याच नांवाचा चित्रपट पडद्यावर आला. करमणुकीच्या अपेक्षेनें जाणाऱ्याला तो पाहणें सोपें नाहीं. तरीहि तो पाहणारा मनुष्य मध्येंच उठून कां जात नाहीं, हें समजून घेण्यासारखें आहे.

कथानक थोडक्यांत सांगतां येतें. घड्याळें १ वाजून १७ मिनिटांनीं थांबलीं, एकदां लखलखाट झाला, धरणीला हादरे बसले. उत्पाताविषयीं एवढेंच कळतें. त्याला कित्येक वर्षें लोटलीं आहेत. सूर्य राखेच्या पडद्याआड गेला आहे, झाडें उभ्याउभ्या वाळून कोसळत आहेत, आणि उरलेल्या मूठभर माणसांपैकीं पुष्कळ जण माणसांनाच मारून खात आहेत. अशा मुलखांतून एक बाप आणि त्याचा लहान मुलगा सामानाची ढकलगाडी घेऊन दक्षिणेकडे, समुद्राच्या रोखानें, चालले आहेत. बापाजवळच्या पिस्तुलांत दोनच गोळ्या आहेत. त्या शत्रूसाठीं नाहींत. नरभक्षकांच्या हातीं सांपडण्याची वेळ आलीच तर त्या या दोघांसाठीं आहेत. दोघांनाहि नांवें नाहींत.

उत्पाताचें कारण लेखकानें सांगितलेलें नाहीं. पण त्याचा परिणाम मात्र केवळ कल्पनेंतला नव्हे. १८१५ च्या एप्रिलमध्यें इंडोनेशियांतील तांबोरा ज्वालामुखीचा महास्फोट झाला. त्यामुळें सूर्यप्रकाश अडला आणि १८१६ सालीं युरोपांत व अमेरिकेच्या ईशान्य भागांत उन्हाळा असा आलाच नाहीं, पिकें बुडालीं. त्याच वर्षीं जिनीव्हाच्या सरोवराकांठीं राहिलेल्या बायरननें सूर्य विझल्याची कविता लिहिली, आणि तेथेंच असलेल्या मेरी शेलीनें पुढें १८२६ मध्यें ‘द लास्ट मॅन’ ही शेवटच्या माणसाची कादंबरी प्रसिद्ध केली. १९८३ सालीं कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं अणुयुद्धांतील आगींचा धूर सूर्याला झांकून पृथ्वीवर हिंवाळा आणील, असा इशारा दिला. ऊन गेलें कीं वनस्पति जातात, वनस्पतींमागून पशु जातात, आणि मग माणसाच्या ताटांत काय उरतें, या हिशेबाचा शेवटचा आंकडा मॅकार्थींनीं मांडला आहे.

मॅकार्थींच्या कादंबरींत प्रकरणें नाहींत, संवादांना अवतरणचिन्हें नाहींत; तुटक परिच्छेदांतून ती ठेंचाळत पुढें सरकते. ही भाषा चित्रांत कशी आणावयाची? हिलकोट आणि छायालेखक हॅव्हिएर अगिरेसारोबे यांनीं रंगच काढून घेतले. पडद्यावर राखाडी व मळकट तपकिरी छटांशिवाय जवळजवळ कांहीं दिसत नाहीं. ऊन आणि फुलें दिसतात तीं बापाच्या आठवणींत. भग्न जग दाखविण्यासाठीं नुसत्या चित्रयुक्तींवर विसंबून न राहतां त्यांनीं खरोखरीच उजाड झालेलीं स्थळें शोधलीं. पेनसिल्व्हेनियांतील वापरांतून गेलेला एक महामार्ग, १९८० मध्यें स्फोट झालेल्या सेंट हेलेन्स पर्वताचा परिसर, २००५ च्या वादळानें उद्ध्वस्त झालेलें न्यू ऑर्लिन्स, हीं त्यांपैकीं कांहीं. म्हणजे जगाचा अंत दाखविण्यासाठीं जगांत आज असलेलें सामान पुरेसें पडलें! प्रेक्षकाला जी धडकी भरते ती कांहीं अंशीं या जाणिवेनें.

व्हिगो मॉर्टेन्सन यांचा हाडकुळा, सदा मागें वळून पाहणारा बाप आणि कोडी स्मिट-मॅक्फी या बालनटाचा मुलगा यांच्यांतील ओढाताण हाच चित्रपटाचा प्राण आहे. आपल्याकडे या ओढाताणीला जुनें नांव आहे: आपद्धर्म. महाभारताच्या शांतिपर्वांत बारा वर्षांच्या अवर्षणांत भुकेनें व्याकूळ झालेला विश्वामित्र चांडाळाच्या झोंपडींतून कुत्र्याचें मांस चोरतो, आणि अडविलें असतां, आधीं जीव राखावा मग धर्म, असा युक्तिवाद करतो. लोकमान्यांनींहि ‘गीतारहस्यां’त या कथेचा विचार केला आहे. चित्रपटांतील बाप याच मताचा आहे. मात्र एक मर्यादा त्यानें आंखून घेतली आहे. उपाशी मरूं, पण माणूस खाणार नाहीं. मुलाला तेवढ्यानें समाधान नाहीं. वाटेंत भेटलेल्या जराजर्जर म्हाताऱ्याला आपल्यांतलें अन्न द्यावें, असा त्याचा हट्ट असतो.

समुद्रकांठीं एक चोर त्यांची गाडी पळवितो. बाप त्याला गांठतो आणि पिस्तुलाच्या धाकानें त्याच्या अंगावरचे कपडे, जोडे सर्व काढून घेतो. त्या थंडींत याचा अर्थ मृत्यु. मुलगा रडूं लागतो, आणि अखेर बापाला ते कपडे परत नेऊन रस्त्यावर ठेवावे लागतात. चोर मात्र तेथें नसतो. बाप चुकला असें म्हणणें कठीण आहे. त्याच्या कठोरपणानेंच मुलगा जिवंत राहिला आहे. परंतु ज्या मुलाला वांचवावयाचें तो माणुसकी विसरला, तर वांचविलें कोणाला? घरोघरचे आईबाप मुलांना सावध राहावयास शिकवितात आणि दयाळू राहावयासहि शिकवितात. हीं दोन शिकवणीं एकमेकींशीं भांडूं लागलीं म्हणजे काय होतें, तें येथें उघडें पडतें.

दुःख पाहण्यांत आनंद कसला, हा वाद मराठींत जुना आहे. भवभूतीनें करुणाला सर्व रसांचें मूळ मानलें, न. चिं. केळकर यांनीं सविकल्प समाधीची उपपत्ति मांडली. प्रेक्षक दुसऱ्याच्या भावनेंत शिरतो, पण स्वतःला विसरत नाहीं, असा तिचा आशय. या चित्रपटाला ती चांगली लागू पडते. गोठलेल्या रस्त्यावर बापाबरोबर चालतांना प्रेक्षकाला आपल्या घरची चूल, नळाचें पाणी, शेजाऱ्याची हांक यांची किंमत त्याच क्षणीं कळत असते. बापलेकांना शीतपेयाचा एकुलता एक डबा सांपडतो तेव्हां मुलगा पहिला घोट घेतो आणि उरलेल्यांतला कांहीं बापाला घ्यावयास लावतो. एरवीं क्षुल्लक वाटणारी ती वस्तु तेथें प्रसादासारखी भासते.

मॅकार्थी २०२३ मध्यें निवर्तले. या कादंबरीचा उगम त्यांनीं २००७ सालच्या एका मुलाखतींत सांगितला होता. एल पासो येथील एका हॉटेलांत त्यांचा लहान मुलगा झोंपला होता. ते रात्रीं खिडकीशीं उभे राहिले, आणि पुढें कधीं तरी या टेकडीवर आगी पेटलेल्या दिसतील असें चित्र त्यांच्या डोळ्यांपुढें आलें. पुस्तक त्यांनीं त्या मुलालाच अर्पण केलें. आपल्यामागें आपल्या लेंकराचें कसें होईल, ही उतारवयांतल्या पित्याची चिंता आहे. प्रलय हें केवळ तिचें निमित्त. म्हणूनच चित्रपटाच्या शेवटीं बाप मरतो आणि मुलगा समुद्रकांठीं एकटा उरतो, तेव्हां प्रेक्षकाला जगाचें काय होणार याची फिकीर उरत नाहीं. एक कुटुंब त्या मुलाजवळ येतें. हीं माणसें चांगलीं आहेत काय, असें तो विचारतो. विश्वास टाकण्यावांचून त्याला खात्री करून घेण्याचें दुसरें साधन नाहीं. आणि तो विश्वास टाकतो.